कोतवाल बुकात आडनाव नसतं: जुन्या नोंदींतून पूर्वज शोधताना

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: "आमच्या आडनावाची जुनी नोंद कुठं मिळेल?" या प्रश्नाला तिथल्या लिपिकाकडे उत्तर नसतं, कारण रजिस्टरं आडनावाने लावलेली नसतात. ती गावाने आणि वर्षाने लावलेली असतात. शिवाय कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या पानांवर शेतकरी, बलुतेदार घरांची आडनावं बहुतेक ठिकाणी लिहिलेलीच नसतात. जिथं असतात तिथं एका पानावर एक, दुसऱ्या पानावर भलतंच. स्वतःच्या घराण्यासाठी आणि पुढे ओळखीपाळखीच्या लोकांसाठी या नोंदी धुंडाळताना जी पद्धत हाताला बसली ती इथं लिहितो. गाव, बापाचं नाव आणि जमीन या तिन्हींवरून माणूस गाठायचा. आडनाव सगळ्यात शेवटी जुळवायचं.

जनगणनेचा विषय आधी उरकतो. परदेशातल्या नातेवाइकांकडून लोक ऐकतात की तिकडे खापरपणज्याचं नाव जनगणनेच्या पानावर सापडतं. ते खरं आहे. इंग्लंडमध्ये १८४१ पासून १९२१ पर्यंतची घरोघरची पानं नावानिशी पाहता येतात, अमेरिकेत ७२ वर्षांनी ती खुली होतात. आपल्याकडे १८७२ मध्ये पहिली आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली खरी, पण घरोघर भरलेले तक्ते बेरजा झाल्यावर जपले गेले नाहीत. उरली ती छापील कोष्टकं. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने वैयक्तिक नोंदी पाहण्याची वाटही बंद केली. तेव्हा जनगणनेत पणजोबांचं नाव शोधायला जाऊ नये. तिचा उपयोग दोनच गोष्टींना. जिल्हा जनगणना पुस्तिकांतल्या गावांच्या याद्यांवरून आपलं गाव त्या वेळी कोणत्या तालुक्यात होतं ते कळतं, आणि १९३१ पर्यंतच्या जातवार कोष्टकांवरून त्या जिल्ह्यात कोणत्या जातीला सरकारदरबारी काय म्हणत ते कळतं.

गाव कोणत्या तालुक्यात होतं हे किरकोळ वाटतं, पण निम्मे हेलपाटे इथेच पडतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, पालघर २०१४ चा. सांगलीच्या आधी १९४९ पासून दक्षिण सातारा होता, आणि त्याही आधी त्यातली बरीच गावं सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत. तालुका फुटला म्हणून सगळं दप्तर नव्या कचेरीत आलंच असं नाही. जुनी रजिस्टरं मूळ तालुक्यात राहिलेली असतात. संस्थानी गाव असेल तर काही कागद राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर किंवा पुणे इथल्या पुरालेखागारात निघतात. म्हणून कामाला लागण्याआधी एका कागदावर गावाचा इतिहास मांडावा: १८८०, १९२०, १९५०, १९८० आणि आज, हे गाव कोणत्या जिल्ह्यात, तालुक्यात, संस्थानात होतं. गावाचं पूर्ण नावही हवं. नुसतं वडगाव किंवा पिंपळगाव चालत नाही. बुद्रुक की खुर्द, कोणत्या तर्फेतलं (तालुक्याखालच्या जुन्या विभागातलं), हे जुन्या कागदात कटाक्षाने लिहिलेलं असतं.

मग घर. घरात बसून जे मिळतं ते कचेरीत मिळत नाही. चालू सातबारा आणि आठ-अ, जुनी खरेदीखतं, गहाणखतं, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका. म्हाताऱ्या माणसांना "आपले पूर्वज कोण?" असं विचारलं तर ते गोंधळतात किंवा थेट शिवकाळात जातात. "सुतक कोणाकोणाचं धरता?" असं विचारा. दहा दिवसांचं कोणाचं आणि तीन दिवसांचं कोणाचं, या एका प्रश्नात भाऊबंदकीचा नकाशा मिळतो, आणि आज वेगवेगळी आडनावं लावणारी घरं एकाच मुळाची निघतात. कुलदैवत, देवक आणि देवघरातले टाक याच कामी येतात. वर्षांसाठी साथी आणि दुष्काळ धरावेत. "मानमोडीच्या साली आजा गेला" म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. "पिलेगात गाव सोडून रानात राहिले" म्हणजे १८९६ नंतरची दहापंधरा वर्षं. "भूकंपाच्या साली" म्हणजे सातारा-कराड भागात डिसेंबर १९६७. या खुणांवरून प्रत्येक पूर्वजाच्या जन्माचा दहा वर्षांचा पट्टा ठरवता येतो. पिढीला २५ ते ३० वर्षं धरली की पुढच्या मागच्या पिढ्यांचे अंदाज बसतात.

कागदावरचा शोध जमिनीपासून सुरू करावा, जन्मनोंदीपासून नव्हे. कारण जमिनीच्या नोंदींना नंबर असतो आणि नंबर मागे नेता येतो. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढायचा. त्यात नाव कसं लागलं ते लिहिलेलं असतं: खरेदीने, वाटपाने की वारसाने. वारसाचा फेरफार म्हणजे सोन्याची खाण, कारण त्यात "अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक" असं अख्खं कुटुंब एका परिच्छेदात येतं. तिथून आधीच्या खातेदाराचा फेरफार, मग त्याच्याही आधीचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात फेरफारांची साखळी साधारण १९०५ ते १९३० च्या दरम्यान कुठेतरी संपते. त्यामागे कडईपत्रक, पाहणीपत्रक, सूडपत्रक अशी आणखी जुन्या जमीननोंदींची नावं कानावर येतील. ती जिथं टिकली तिथं मागून घ्यावीत. विदर्भात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आणि मराठवाड्यात त्याच सुमाराचं खासरापत्रक हा पाया धरतात. आता जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच प्रमाणात स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आलेले आहेत. जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि नंबर टाकला की पान दिसतं, पैसे भरून उतरवून घेता येतं.

या साखळीत तुटायची जागा ठरलेली आहे. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यानंतर गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर २१२ हा एकत्रीकरणाआधी सर्व्हे नंबर ४७ चा दुसरा हिस्सा असू शकतो. गट नंबर घेऊन जुन्या पानांत शोधलं तर भलत्याच माणसाची जमीन हाती येते, आणि नाव योगायोगाने जुळलं तर माणूस आनंदाने चुकीच्या घराण्यात शिरतो. गावाचं एकत्रीकरणाचं पत्रक, म्हणजे जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता, भूमी अभिलेख कार्यालयात आधी पाहायचा. तो पाहिल्याशिवाय १९५० च्या मागे पाऊल टाकू नये.

जुने सातबारे वाचताना काही खुणा डोक्यात हव्यात. कंसात घातलेलं नाव कमी झालेलं असतं, पण ते वाचायचंच असतं, कारण शोधात कमी झालेली नावंच कामाची. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव थोरल्या भावाचं, जमीन सगळ्यांची. त्या काळात धाकट्या भावांची नावं सातबाऱ्यावर नसली म्हणून ते नव्हते असं होत नाही. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. त्याच्या आधी लिहिलेलं मूल १८ वर्षांच्या आतलं, यावरून जन्माचा पट्टा अरुंद होतो. मुलींची नावं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसांत दिसू लागतात, तीही बरेचदा 'इतर हक्क' या रकान्यात. आत्या, आजीच्या बहिणी शोधायच्या तर तो रकाना पाहावा, आणि हक्कसोडपत्रं.

जमिनीतून बापा-आज्यांची साखळी आणि मृत्यूच्या अंदाजे तारखा हाती आल्या की मग कोतवाल बुक. गावोगावच्या जन्ममृत्यूची ही नोंदवही. तिला गाव नमुना १४ म्हणतात, पण अर्जात नुसता नंबर लिहू नये. आजच्या महसुली नमुन्यांत १४ नंबर पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे, आणि नवा लिपिक तेच समजून "उपलब्ध नाही" असा शेरा मारून मोकळा होतो. "जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक), मौजे अमुक, सन अमुक ते अमुक" असं पूर्ण लिहावं. बऱ्याच तालुक्यांत ही १८८० च्या आसपासपासून मिळतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरचं सगळं ग्रामपंचायतीकडे. रजिस्टरं कापडी रुमालांत बांधलेली असतात, एका रुमालात अनेक गावं, आणि रुमालावरच्या चिठ्ठीवर विसंबू नये. आतली पानं दुसऱ्याच गावाची निघतात.

कोतवाल बुकात नाव शोधायचं नसतं. ठरवलेल्या पट्ट्यातली त्या गावाची सगळी पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची असतात. याला इलाज नाही, आणि हे टाळूनच लोक फसतात. कारण जन्माची खबर बारशाच्या आधी दिलेली असते, त्यामुळे मुलाच्या नावाचा रकाना बहुतेक वेळा कोराच. "मुलगा, बाप रामा बिन बाळा, जात कुणबी, खबर देणार खुद्द" एवढंच. तुमचे पणजोबा त्या पानावर आहेत, पण बिननावाचे. बापाच्या नावावरून, भावंडांच्या क्रमावरून आणि तारखेवरून ते ओळखायचे. मृत्यूच्या नोंदीत नाव हमखास असतं, म्हणून मृत्यू आधी शोधावा आणि तिथलं वय वजा करून जन्माकडे जावं. मात्र ते वय अंदाजपंचे असतं. चाळीस, पन्नास, साठ असे पूर्ण आकडे दिसले की दोन्ही बाजूंना आठ-दहा वर्षं धरून शोधा. १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरची पानं अवश्य पाहावीत. नेहमी एका पानावर मावणारे महिने तिथं पानंच्या पानं खातात, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं आठवड्याभरात गेलेली दिसतात. त्या नोंदींतून नवरा, बायको, मुलं एकमेकांना आपोआप जोडली जातात.

नात्याचे शब्द आधी पाठ करावेत. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'भ्रतार' (नुसतं 'भ्र.' असंही) म्हणजे अमक्याची बायको. एक सूक्ष्म गोष्ट: बाप वारलेल्या मुलाच्या नावापुढे कधी कधी चुलत्याचं किंवा आज्याचं नाव येतं, कारण खबर देताना घरचा कर्ता तो. दत्तक गेलेल्याचं 'बिन' तर अर्ध्या आयुष्यानंतर बदलतं. म्हणून एकाच नोंदीतल्या 'बिन'वर मजला चढवू नये.

आता नावं. एकच माणूस किती नावांनी लिहिला जातो याची यादी करूनच बसावं लागतं. विठ्ठल हा विठू, इठू, विठोबा, इठोबा. ज्ञानेश्वर हा ज्ञानू, ग्यानू, ग्यानबा, ज्ञानदेव. यशवंत हा येसू, येसा, येसाजी, येसबा. लक्ष्मण हा लक्षुमन, लखू, लखमाजी. यात लिहिणाऱ्याची नजरही असते. गरीब असताना 'रामा', चार एकर वाढल्यावर 'रामजी', पोरगा मास्तर झाल्यावर त्याच्या दाखल्यावर 'रामराव'. महारांच्या नावांना जुन्या कागदांत 'नाक' हा प्रत्यय असतो. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत तो स्पष्ट दिसतो. पुढच्या पिढ्यांत तो गळला, त्यामुळे 'रामनाक' शोधणाऱ्याने 'रामा' पाहायचा आणि 'रामा' शोधणाऱ्याने 'रामनाक'. बायकांच्या बाबतीत लग्नानंतर नाव बदललेलं असतं, म्हणून माहेरची आणि सासरची साखळी जोडायला गाव आणि बापाचं नाव एवढाच आधार उरतो.

सगळ्यात घातक सापळा म्हणजे आज्याचं नाव नातवाला ठेवण्याची रीत. समजा रामा बिन बाळा. त्याचा मुलगा बाळा बिन रामा. त्याचा मुलगा पुन्हा रामा बिन बाळा. दोन रामा, दोघांचेही बाप बाळा, गाव तेच, जमीन तीच, मधे पन्नास-साठ वर्षं. घाईत वंशावळ करणारा दोन्ही एक समजतो आणि दोन पिढ्या गिळतो. १८८५ मध्ये मूल झालेला रामा आणि १९४१ मध्ये मूल झालेला रामा एक असू शकत नाही, हे कागदावर वर्षं मांडली तरच दिसतं. उलटही होतं: एकाच काळात गावात दोन 'गणू बिन रामा' असतात. तेव्हा बायकोचं नाव, भावांची नावं, सर्व्हे नंबर आणि खबर देणारा कोण, यांवरून फोड करावी लागते. माझा नियम असा: बापाचं नाव, गाव, जमिनीचा नंबर, भावंडं आणि वर्षांचा पट्टा या पाचांपैकी किमान तीन जुळले, आणि तेही दोन वेगवेगळ्या रजिस्टरांतून, तरच माणूस तोच म्हणायचा. बाकीच्या नोंदी पेन्सिलीने लिहून ठेवायच्या.

आडनावं ठरली ती शाळेत. जनरल रजिस्टरमध्ये पोराचं नाव घालताना मास्तर आडनाव विचारायचे, आणि बाप जे सांगेल किंवा मास्तरांना जे योग्य वाटेल ते लागायचं. म्हणून तीन सख्ख्या भावांची तीन आडनावं निघतात: एकाचं मूळ कुळाचं, दुसऱ्याचं वतनावरून पाटील, तिसरा मुंबईला शिकला म्हणून गावावरून 'कर'. जिल्हा लोकल बोर्डाच्या जुन्या शाळांची रजिस्टरं आज जिल्हा परिषदेच्या शाळांत मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात, आणि ती पाहणं हे कोतवाल बुकाइतकंच महत्त्वाचं. तिथली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. १ जून ही तारीख पानभर दिसली तर ती अंदाजाने घातलेली आहे. जातीचा रकाना महत्त्वाचा. तो एका भावाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असाही भरलेला सापडतो, आणि मग दोन्ही उतारे घेऊन ठेवावे लागतात, सोयीचा तेवढा नव्हे.

स्पेलिंगचे म्हणून जे घोळ सांगतात ते खरं तर कानाचे घोळ आहेत. पाटील-कुलकर्ण्याने ऐकलं तसं लिहिलं. न-ण, ल-ळ, श-स यांची अदलाबदल धरूनच चाला. जाधव हे जादव, जाधो. चव्हाण हे चवाण, चव्हान. पवार हे पोवार, पंवार. साळुंखे हे साळुंके, सोळंखे. शिर्के हे सिर्के. नलवडे हे नलावडे. दुसरीकडे शिकलेला कारकून उलटी दुरुस्ती करतो आणि घरच्या 'इठू'ला कागदावर 'विठ्ठल' करतो. मराठवाड्यात निजामी काळातली दप्तरं उर्दूत, घाईच्या लिपीत, नुक्ते गाळून लिहिलेली असतात. नुक्ता नसला की ब, प, त, न यांचा सांगाडा सारखाच दिसतो, ऱ्हस्व स्वर लिहिलेलेच नसतात. तिथं नावाची एकच वाचणी नसते; वाचणाऱ्याकडून सगळ्या शक्यता लिहून घ्याव्यात आणि गावात आजही असलेल्या घराण्यांशी ताडून पाहाव्यात.

मोडीचा बागुलबुवा फार आहे. ती वाचता येत नाही म्हणून लोक पहिल्याच दिवशी पैसे देऊन कोणालातरी नेमतात. पूर्ण पत्रव्यवहार वाचायला तज्ज्ञच हवा, पण कोतवाल बुकासारख्या रकान्यांच्या नोंदी पंधरवडाभर सरावाने ओळखता येतात, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ज्या रजिस्टरवर काम करायचं त्यातूनच आपली बाराखडी तयार करावी. महिन्यांची नावं, गावाचं नाव, 'बिन', 'मुलगा', 'मुलगी', 'ताप', 'पटकी' (कॉलरा), आणि गावातल्या जातींची नावं. हे शब्द आधीच माहीत असल्याने त्यांतली अक्षरं त्या लेखकाच्या वळणात कशी दिसतात ते कळतं, आणि मग अनोळखी नाव त्याच अक्षरांतून वाचायचं. छापील पुस्तकातली मोडी आणि गावच्या कुलकर्ण्याची मोडी यांत फार अंतर असतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बरेचदा गाळलेला, शब्दांमधे जागा सोडलेली नाही. त्यामुळे 'शिंदे' आणि 'शिदे' या फरकावरून दोन घराणी करू नयेत. जात लिहिताना 'कु.' असं पहिलं अक्षर टाकून पुढे खाली खाली तीच खूण ओढलेली असते. ती खूण कोणत्या ओळीपासून सुरू झाली हे पाहिल्याशिवाय कोणत्याही नोंदीची जात ठरवू नये.

तारखांचं गणित असं: शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, जानेवारीनंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९. फसली, म्हणजे महसुली सन, अधिक ५९०, आणि जानेवारीनंतर ५९१. फसली वर्ष इकडे मृगाच्या सुमारास सुरू होतं, निजामी फसली ऑक्टोबरात, आणि त्याचे महिने आझूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. 'फसली १३४४' हे १९३४-३५ होय. हिजरी समजून इसवी सन काढला तर नऊ वर्षं चुकतात, आणि नऊ वर्षांत माणसाचा बाप बदलतो.

कचेरीबाहेरची दोन दप्तरं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावं गावानुसार असतात, सोबत बापाचं, भावांचं, मुलांचं नाव. उपाध्याय कोण ते गावावरून आणि कुळावरून ठरतं, थेट तीर्थावर जाऊन "अमुक तालुका, अमुक गाव कोणाकडे?" विचारलं की दोन-तीन घरांत पत्ता लागतो. या वह्यांत आडनाव बहुधा असतं, म्हणून कोतवाल बुकातला बिनआडनावाचा माणूस इथं ओळखता येतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी येतात, बैलावरून, सुगीच्या दिवसांत, आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. ती सातआठ पिढ्या मागे जाते. अलीकडच्या चार पिढ्या बहुधा अचूक निघतात. त्यामागची नावं कोणत्याही सरकारी कागदाशी जुळवता येत नाहीत, म्हणून ती वेगळ्या रंगात लिहावीत. मोठ्या राजवंशाशी नाळ जोडून देणाऱ्या, चौकट लावून विकल्या जाणाऱ्या वंशावळींपासून मात्र लांब राहिलेलं बरं.

घरातलं कोणी पहिल्या महायुद्धात कामी आलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावं. तिथं आडनावाने शोधू नये. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणींपैकी एक निवडायची आणि जादा माहितीच्या रकान्यात तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव वेगवेगळ्या इंग्रजी वळणांनी टाकायचं. बापाचं नाव आणि गाव तिथं बऱ्याच जणांचं दिलेलं आहे. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचं दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे. तिथली किल्ली म्हणजे मजुराचा नंबर. नंबर मिळाला की जहाज, बापाचं नाव, जिल्हा, गाव, जात, उंची, अंगावरची खूण असं सगळं मिळतं. गावाचं नाव मात्र साहेबाच्या कानाने लिहिलेलं. तिकडे बापाचं किंवा स्वतःचंच पहिलं नाव पुढे आडनाव झालं, म्हणून तिथून रत्नागिरीत मूळ शोधायला येणाऱ्यांना 'लक्सिमॉन' आडनावाचं घर कोकणात सापडणार नाही. त्यांनी लक्ष्मण नावाच्या माणसाचा बाप आणि गाव धरावं.

शोध जातपडताळणीसाठी असेल तर मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. कुणबी नोंदींसाठी २०२३ नंतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेली पानं आणि याद्या आल्या आहेत, त्यामुळे सोय झाली. पण त्या याद्या त्या एका जातीच्या नोंदी निवडून केलेल्या आहेत. तुमच्या घरातली जी नोंद त्या शब्दाशिवाय आहे ती यादीत येणार नाही, आणि साखळी जोडायला नेमकी तीच लागते. मूळ रजिस्टर पाहण्याला पर्याय नाही.

टिपण कसं ठेवायचं ते सांगायचं राहिलं. एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात नाव मूळ पानावर जसं आहे तसंच, अशुद्धासकट. दुसऱ्यात आपण मानलेलं प्रमाण रूप. मग बाप, आजा, गाव, जात, मूळ सन, इसवी सन, रजिस्टरचं नाव, पान, अनुक्रमांक आणि फोटोचा क्रमांक. पहिला रकाना कधीही सुधारायचा नाही. महिन्याभराने दुसऱ्या रजिस्टरात तेच विचित्र रूप पुन्हा भेटतं आणि त्याच वेळी त्याचा उपयोग होतो. फोटो काढू दिले तर नोंदीबरोबर पानाचं डोकं आणि रजिस्टरचं मुखपृष्ठही घ्यावं, नाहीतर घरी आल्यावर सन कोणतं ते कळत नाही.

नक्कल मागताना अर्जात पान आणि अनुक्रमांक द्यावा, कोर्ट फीचं तिकीट लावावं आणि पूर्ण ओळ रकान्यांच्या शीर्षकांसह मागावी. मोडी असेल तर मूळ पानाची छायाप्रत आणि लिप्यंतर दोन्ही साक्षांकित करून घ्यावीत; नुसतं लिप्यंतर पडताळणीत टिकत नाही, कारण पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर मागवतं. नोंदीत खाडाखोड, वेगळी शाई किंवा नंतर घुसवलेला शब्द दिसला तर तो उतारा दाखलच करू नये, अर्थ कितीही सोयीचा असला तरी. रजिस्टर जीर्ण आहे किंवा सापडत नाही असं सांगितलं तर तसं लेखी घ्यावं, सन आणि गाव घालून. हाच कागद पुढे दुसऱ्या पुराव्याला जागा करून देतो. वंशावळीत आडनाव दोन तऱ्हांनी येत असेल तर दोन्ही रूपं तिथंच लिहून, ती एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं, आणि कोणत्या कागदात कोणतं रूप आहे याचा तक्ता त्याला लावावा. मिळालेल्या नकला लॅमिनेट करू नयेत. मागच्या बाजूचे शिक्के, नक्कल दिल्याची तारीख आणि कोर्ट फीचं तिकीट हे सगळं तपासणाऱ्याला हाताळून पाहायचं असतं.